हेदवीहून आणलेले विरजण

मे महिन्यात रत्नागिरीला जाऊन आंब्याची पेटी न घेता परतलेल्या माणसाकडे पुण्यात जरा संशयानेच पाहतात. सोसायटीत जो भेटला त्याने विचारले. मी गाडीत जागा नव्हती असे सांगितले. परतीच्या वाटेवर गाडी रिकामी होती, पण मधल्या एका फेरीत टेम्पोत पिंपे होती, आणि हा प्रवास म्हटला की मला तीच फेरी आठवते.

एका साप्ताहिकाला ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणाऱ्या छोट्या प्रकल्पांवर लेख हवा होता. रत्नागिरीच्या उत्तरेला, कातळकोंड नावाच्या लहानशा नगरपंचायतीत असा प्रकल्प सुरू असल्याचे कळले. कातळकोंड माझे गाव. शाळा संपल्यावर ते सोडले आणि नंतर लग्नकार्यापुरते गेलो. दोन दिवसांत काम आटोपून परतायचा बेत होता.

आरे-वारे

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने निघाले की आरे-वारेच्या चढावर समुद्र एकदम खाली दिसतो. डोंगराची एक सोंड मध्ये आलेली, तिच्या दोन्ही अंगांना वाळूचे दोन पट्टे, कडेने सुरूची झाडे. आता तिथे गाड्या थांबवून फोटो काढणाऱ्यांची रांग असते. आमच्या लहानपणी हा रस्ता नव्हता. पलीकडे जायचे तर पायवाट होती आणि ओहोटीची वेळ ठाऊक असावी लागे.

चढावरच्या टपरीत कोकम सरबत घेतले. टपरीवाल्या बाईंनी ग्लास हातात देताना विचारले, “तुम्ही कोणापैकी?” पुण्यात अनोळखी माणूस तुम्ही काय करता असे विचारतो. इथे वाडी, घर आणि आजोबांचे नाव सांगितले की ओळख पुरी होते. मी ते सांगितले. बाई म्हणाल्या, म्हणजे मालूताईकडे चाललात, तिला सांगा की हिरवी बादली फुटली, दुसरी पाठव.

हिरवी बादली काय, ते पुढे कळले.

कातळकोंड

मालूताई माझी सख्खी चुलतबहीण, माझ्याहून मोठी. तिचे घर आमच्या जुन्या घराच्या खालच्या अंगाला, मधे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. आमच्या घराच्या जागी आता कोणाचा तरी स्लॅबचा बंगला आहे. पाखाडी मात्र तीच.

ओला कचरा वेगळा ठेवा हे सांगत मालूताई गावभर हिंडली होती आणि घरोघरी हिरवी बादली तिनेच पोचवली होती. टपरीवालीचा निरोप दिल्यावर ती म्हणाली, “त्या बादलीत ती लादी पुसते. फुटेल नाही तर काय होईल?”

जेवून मी प्रकल्पावर गेलो. गावात त्याला प्रकल्प कोणी म्हणत नाही, ‘गोठा’ म्हणतात. जमिनीत अर्धी पुरलेली घुमटाची टाकी, शेजारी कचरा बारीक करायचे यंत्र आणि एक पत्र्याची शेड. सकाळ-संध्याकाळ घंटागाडी येते, भाजीचे देठ, उष्टे, बाजारातली माशांची आतडी, आंब्याच्या साली असे सगळे दळून पाण्याबरोबर टाकीत सोडतात. आत हवेविना ते कुजते आणि गॅस घुमटात साठतो. वेळेवर खायला घालावे लागते आणि एकदम आहार बदलला की पोट बिघडते, म्हणून गोठा.

तो चालवतात ते जाधव सर. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, बौद्धवाडीत राहणारे. शाळेत ते माझ्या मागच्या वर्गात होते. मी गेलो तेव्हा ते आणि रुकय्याभाभी शेडमधल्या शेगडीकडे बघत उभे होते.

रुकय्याभाभींचे स्वयंपाकघर या गॅसवर चालते. त्यांचे मालक जहाजावर होते, आता घरी असतात आणि भाभींच्या म्हणण्याप्रमाणे घरच हलते अशी तक्रार करतात. हंगामात आंब्याच्या बागांवर नेपाळी कामगार येतात, त्यांचे दुपारचे जेवण भाभी आणि त्यांच्या गटातल्या बायका करतात. सुरुवातीला वाडीतल्या एका बाईंनी विचारले होते, माशांपासून केलेल्या गॅसवर चतुर्थीचे मोदक चालतील का. भाभी म्हणाल्या होत्या, ठेवून बघा, वास आला तर सगळे मी खाईन. मोदक झाले, भाभींच्या वाट्याला दोनच आले.

त्या दुपारी मात्र शेगडीचा जाळ पिवळा होता. मध्येच फडफडे आणि विझे.

“चार दिवस झाले,” सरांनी माझी ओळख करून देण्याच्या आतच भाभी म्हणाल्या. “भात अर्धा कच्चा ऱ्हातो. पोरां काय बोलत नायत, पण ताटात ऱ्हायलेला दिसतो ना.”

सरांनी टाकीतले पाणी काढून कागदाच्या पट्टीवर तपासले. आंबट झाले होते. असे आंब्याच्या दिवसांत थोडे होतेच, त्यासाठी ते चुना घालतात. या वेळी चुना घालूनही फरक पडत नव्हता. दळण तेच, गाड्या त्याच. काय बदलले ते त्यांना सापडत नव्हते.

नगरपंचायतीने गोठा पावसाळ्यापर्यंत चालवून पाहायला परवानगी दिली होती. महिनाअखेरच्या सभेआधी सदस्य पाहणीला येणार होते. जाळ दिसला तर गोठा कायमचा, नाही तर गाड्या पुन्हा जुन्या जागेवर.

जुनी जागा म्हणजे बौद्धवाडीच्या मागचा सडा, जांभ्या कातळाचा उघडा माळ. गावाचा कचरा तिथे पडे आणि उन्हाळ्यात पेटे. आमच्या वाडीत तो धूर कधी आला नाही, वारा खाडीकडून यायचा.

सर मला तिथे घेऊन गेले. सडा साफ केलेला होता. मधोमध काळा पडलेला कातळ, कडेला करवंदीच्या जाळ्या. मुले पत्र्याचे स्टंप लावून क्रिकेट खेळत होती. एका घरामागे दोरीवर पांढऱ्या साड्या वाळत होत्या. सर त्यांच्याकडे बघून म्हणाले, “माझ्या आईने शेवटपर्यंत कपडे घरात वाळत घातले.” मग थोड्या वेळाने, “तुम्ही बातमी लिहा. पण हे गेलं तर पुन्हा कोण करणार नाही, हे पण लिहा.”

मालूताईच्या ओसरीवर

आमच्या घरात कचरा अशी वेगळी वस्तू नव्हती. फणसाच्या सालीचा चारखंडा म्हशीला जाई. मासे धुतलेले पाणी माडाच्या आळ्यात. नारळाची सोडणे न्हाणीच्या चुलीत घालायची, त्यावर घरभरच्या अंघोळीचे पाणी तापे. त्या पाण्याला येणारा सोडणाच्या धुराचा वास मला नंतर कुठल्याही गिझरमध्ये मिळाला नाही. कचऱ्यापासून ऊर्जा हा शब्दप्रयोग मी पहिल्यांदा एका पत्रकार परिषदेत ऐकला, तेव्हा मला ती न्हाणी आठवली होती.

संध्याकाळी मालूताईने भाकरी, कुळथाची पिठी आणि खारातल्या आंब्याची चटणी वाढली. कोकणातल्या घरी कैऱ्या मिठाच्या पाण्यात बुडवून बरणी वर्षभर ठेवतात. माझ्या आईची बरणी कोठीच्या अंधारात असे आणि तिला हात लावायची मुलांना मनाई होती, म्हणून त्या चवीत थोडी चोरीही मिसळलेली आहे.

मी चटणी पुन्हा मागितली. मालूताई म्हणाली, “चाटून पुसून खा. ही शेवटची. बरण्या धुवून उन्हात घातल्या, नवा खार घालायचा. यंदा सगळ्या वाडीने लवकर धुतल्या.”

कैऱ्या उतरल्या की मे महिन्यात जुना खार टाकून बरण्या मोकळ्या करायच्या, ही तिथली जुनी रीत. मला आमच्या आईचे आठवले. ती जुन्या खाराचे पाणी कधी झाडाला घालत नसे. मिठाने झाड मरते. ती ते पाखाडीवर ओतायची, पायऱ्यांच्या फटींतून, म्हणजे पावसात गवत उगवत नाही आणि पाय घसरत नाहीत. सगळ्या बायका तेच करायच्या. त्या आठवड्यात आम्ही मुले पाखाडीवरून अनवाणी धावलो की खरचटलेल्या पायांना ते पाणी झोंबे, आणि वरून आईची हाक येई. मी हे मालूताईला सांगितले आणि विचारले, अजून तसेच ओततात का.

“आता कशाला? गोठा आहे ना. मीच सांगितलंय सगळ्यांना, स्वयंपाकघरातलं काहीही बाहेर ओतायचं नाही, सगळं हिरव्या बादलीत…”

ती बोलता बोलता थांबली. हातातली भाकरी तिने ताटात ठेवली.

“अगो बाई,” ती हळू म्हणाली. “मीठ.”

आख्ख्या गावाच्या बरण्या एकाच आठवड्यात धुतल्या गेल्या होत्या. मालूताईचे ऐकून एकही बरणी पाखाडीवर रिकामी झाली नव्हती. कुजके आंबे आणि वर्षाचे मीठ घंटागाडीतून गोठ्याच्या पोटात गेले होते.

तिने जेवण तसेच झाकून ठेवले, चप्पल घातली आणि जाधव सरांच्या घराकडे निघाली. मी मागून गेलो. सरांच्या अंगणात उभी राहून तिने सगळे एका दमात सांगितले. शेवटी म्हणाली, “सर, गाव माझं ऐकून फसला. सभेत माझं नाव घ्या.”

सरांनी आतून खुर्ची आणून तिला बसायला दिली. “आंबट असेल तर चुना घालता येईल,” ते म्हणाले. “मीठ काढता येत नाही. पाणी घालून पातळ करायचं, आणि आत जे जिवंत होतं ते मेलंय, तर नवं आणायचं.”

नवे म्हणजे चालू गोबरगॅसच्या टाकीतली स्लरी. त्यात जे जंतू असतात त्यांनीच गॅस होतो. दह्यासाठी विरजण लागते तसे. कातळकोंडमध्ये आता चालू गोबरगॅस उरला नव्हता. गुरेच उरली नव्हती. मालूताईला हेदवीतले एक घर माहीत होते.

हेदवी

दुसऱ्या दिवशी भाभींच्या मालकांचा टेम्पो घेऊन आम्ही तिघे निघालो: सर, मालूताई आणि मी. मागे झाकणाची रिकामी पिंपे. परतायचा माझा बेत तिथेच मोडला. जयगडला फेरीबोटीवर चढलो. खाडी पार करायला फार वेळ लागत नाही, पण फेरी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि त्या दुपारी भरायला गाड्याच नव्हत्या. पलीकडे तवसाळला उतरलो तोवर ऊन कलले होते.

लहानपणी हेदवीला आईबरोबर गणपतीला आलो होतो, तेव्हा होडी होती. देऊळ डोंगरावर, भोवती दाट झाडी. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तोच चढ आहे, पण आम्ही अलीकडेच वळलो. नारळी-पोफळीच्या वाडीत कौलारू घर, मागे गोठा, आणि गोठ्यामागे जुन्या पद्धतीची, वर लोखंडी टोप असलेली गोबरगॅसची टाकी. घरधन्यांना सगळे गाव दादा म्हणते. त्यांनी आमचे ऐकून घेतले, टाकी दाखवली, हवी तेवढी स्लरी न्या म्हणाले.

आम्ही पिंपे उतरवली तेवढ्यात दादांच्या आई बाहेर आल्या. तुळशीपाशी दिवा लावून झाला होता. त्यांनी पिंपे पाहिली आणि काय चालले आहे विचारले. मालूताईने समजावून सांगताना नेमका विरजण हा शब्द वापरला.

“मग आता नाय मिळायचां,” आजी म्हणाल्या. “दिवेलागणीनंतर घरातनं विरजण बाहेर जात नाय.”

दादांनी समजावले, की हे दही नव्हे, शेण आहे. आजींनी शांतपणे विचारले, विरजणच ना? जाधव सर जन्मभर मुलांना विज्ञान शिकवत आलेले. मला वाटले, आता ते वाद घालतील. ते म्हणाले, “बरोबर आहे आजी. आम्ही उशीर केला.”

त्या रात्री आम्ही त्यांच्या पडवीत झोपलो. जेवायला उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे तिखले आणि कोकमाची कढी होती. सरांनी भात दोनदा घेतला. आजी विचारत होत्या, कोणापैकी, कुठली वाडी. सरांनी वाडी सांगितली. आजी थोडे थांबल्या आणि मग म्हणाल्या, भात अजून वाढ गे त्यांना. माझ्या लहानपणी या घरातल्या पडवीत हे ताट असे वाढले गेले असते का, याचा अंदाज मला आहे. सरांनाही होता.

सकाळी आजी स्वतः टाकीपाशी आल्या आणि पहिला तांब्या त्यांनी आपल्या हाताने पिंपात ओतला. मालूताईने पैशांचे विचारले तर म्हणाल्या, विरजणाचे कोण पैसे घेते.

फेरीवर

परतीच्या फेरीवर पिंपे उन्हात तापली. मधोमध खाडीत असताना एका पिंपाचे झाकण मोठा आवाज करून उडाले आणि टेम्पोमागे उभ्या असलेल्या मोटारीच्या काचेवर हिरवट काळा पट्टा उमटला. मोटार मुंबईची होती. आतल्या गृहस्थांनी काच खाली करून विचारले, हे काय आहे. जाधव सर अत्यंत नम्रपणे म्हणाले, “जिवंत आहे याचा पुरावा आहे.” मालूताई पदर तोंडाला लावून दुसरीकडे वळली. तिला उलटी येत नव्हती, हसू येत होते. काच आम्ही खाडीच्या पाण्याने धुऊन दिली.

पुन्हा कातळकोंड

मी राहिलो. साप्ताहिकाला लेख उशिरा येईल असे कळवले.

सरांनी टाकीतला बराचसा माल उपसून पाणी घातले, वर हेदवीची स्लरी सोडली आणि गाड्या थांबवल्या. गोठ्याला उपास घातला होता. दरम्यान कामगारांचे जेवण कशावर करायचे हा प्रश्न होता. भाभींच्या मालकांनी सिलिंडर आणायची तयारी केली. भाभींनी ते थांबवले. त्यांचे म्हणणे साधे होते: शेडमध्ये सिलिंडर दिसला की सदस्य म्हणतील, गोठा मेला, बायका सुद्धा सोडून गेल्या. त्यांनी शेडच्या मागे तीन दगड मांडले आणि गावातून सोडणे मागवली. पहिल्या दिवशी त्यांचे डोळे लाल होते. मी शेजारी बसलो होतो आणि सोडणाचा तो वास माझ्या शर्टात मुरत होता. भाभींनी विचारले, धूर लागत नाही का. लागत होता. मी नाही म्हणालो.

पाहणीच्या सकाळी नगराध्यक्षा मॅडम आणि काही सदस्य आले. बायका शेडच्या बाहेर उभ्या होत्या. मालूताई सगळ्यांत पुढे, बोलायच्या तयारीत. एका सदस्याने विचारले, चालू आहे का. सरांनी घडले ते सांगितले, मीठ, खार, हेदवी, सगळे. मालूताईचे नाव घेतले नाही. “आजारी होता,” ते म्हणाले. “आज पहिल्यांदा लावून बघतो. तुमच्यासमोरच.”

पहिली काडी विझली. दुसरीला जाळ आला, पिवळा झाला आणि गेला. तिसऱ्या काडीला बर्नरवर निळी कडी उमटली आणि टिकली. अंगठ्याएवढी.

“एवढ्याशा जाळावर काय शिजणार?” तोच सदस्य म्हणाला.

भाभींनी चहाचे पातेले ठेवले, आणि सगळ्यांना बसा म्हणाल्या. चहा उकळायला फार वेळ लागला. एवढा वेळ गप्प बसणे कोकणात कोणाला जमत नाही. कोणीतरी विचारले, खार नक्की किती घरांनी टाकला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मालूताईने तोंड उघडले, पण तिच्या आधी नगराध्यक्षा बोलल्या.

“आमच्या दोन बरण्या होत्या.”

मग एकेकीने सांगितले. आमची एक. आमची मोठी, सासूबाईंची. शेवटी तो सदस्य पातेल्याकडे बघत म्हणाला, आमची पण गेली, बायकोने विचारलं होतं, मीच म्हटलं, टाक बादलीत.

पातेल्यात बुडबुडे आले. भाभींनी पहिला कप सरांना दिला, सरांनी तो मॅडमना दिला. मॅडमनी उभ्या उभ्याच सांगितले की गाड्या इथेच येतील, सभेत तसे मांडू, आणि मालूताईकडे वळून म्हणाल्या, “खार मात्र पूर्वीसारखा पाखाडीवर. हे आता तुम्हीच घरोघरी सांगा.”

सर शेगडी बंद करायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी दुसरीकडे पाहिले.

निघायच्या संध्याकाळी पिशवी घेऊन पाखाडी चढत होतो. कोणीतरी उशिरा बरणी धुतली होती. पायऱ्या ओल्या होत्या, फटींतून पाणी झिरपत खाली येत होते, आणि आंबट-खारट वास होता. निरोप द्यायला पुढे गेलेल्या मालूताईची वरून हाक आली, “अरे, बाजूने ये, पाणी टाकलंय.” मी थांबलो, चपला काढून हातात घेतल्या आणि मधूनच चढलो. पायांना काही झोंबले नाही. ते आता कुठे खरचटत नाहीत.